गुरुवारची बाग

बावीस वर्षं मुलांच्या वह्या तपासून माझा एक समज झाला होता, की खोटं लिहिलेलं मला वासावरून कळतं. ‘घरी पाहुणे आले म्हणून गृहपाठ झाला नाही’ यातले पाहुणे खरे किती आणि बनावट किती, हे मी अक्षराच्या वळणावरून सांगायचे. मुलं मला दबकून असायची आणि मला ते आवडायचं. हे आधीच सांगून टाकते, कारण पुढे जे सांगायचंय त्यात मी काही बरी दिसणार नाही.

सांगायचंय ते ज्योतीराम सुरवसे या माणसाबद्दल. आमची पहिली ओळख झाली ती एका कागदावरून. मी आकुर्डीतल्या एका मराठी शाळेत सहावी ब ची वर्गशिक्षिका. ऑगस्टमध्ये शाळेची सहल होती. आधी विज्ञानाचं संग्रहालय आणि येताना एक मोठी बाग, असा बेत होता. संमतीपत्रं घरी पाठवली. पिंकी ज्योतीराम सुरवसे हिचं पत्र ‘पाठवणार नाही’ या चौकोनात खूण होऊन परत आलं. खाली कोरून काढल्यासारख्या अक्षरात दोन ओळी होत्या: ‘मुलीला मी स्वतः नेणार आहे. सर्व तयारी झालेली आहे.’

मी ते स्टाफरूममध्ये मोठ्यांदा वाचून दाखवलं. “स्वतः नेणार आहेत म्हणे. बोलाचीच कढी आणि बोलाचाच भात,” मी म्हणाले आणि सगळ्याजणी हसल्या. सहलीच्या दिवशी पिंकी पाचवीच्या वर्गात मागच्या बाकावर बसून राहिली. सहलीला न येणाऱ्यांची हजेरी बुडू नये म्हणून आम्ही तशी सोय करतो.

हजेरीचं वेड या शाळेत मीच आणलं. वर्षभर एकही दिवस न चुकवणाऱ्याला ‘शंभर टक्के हजेरी’चं प्रमाणपत्र द्यायचं, ही माझी कल्पना. पिंकीने ते सलग तीन वर्षं मिळवलं होतं. लहान चणीची, दोन घट्ट वेण्यांची, फारसं न बोलणारी मुलगी. हजेरीपटावरही तिचं नाव पिंकीच. घरी एक आणि शाळेत एक अशी दोन नावं ठेवण्याइतकी हौस त्या घराला नव्हती.

दिवाळीनंतर शहरातल्या शाळांची निबंधस्पर्धा आली. वर्गातून एकच निबंध पाठवायचा होता. मी विषय दिला: ‘आमची रविवारची सहल’. विषय देताना मी दोन मिनिटंही विचार केला नाही. माझा नवरा निरंजन हिंजवडीला आयटीत आहे, त्याला शनिवार-रविवार सुट्टी. आम्ही आमच्या मुलाला, आयुषला घेऊन रविवारी कुठेतरी जातोच. त्यामुळे सहल म्हणजे रविवार, हे माझ्या डोक्यात कायमचं बसलेलं.

अडतीस निबंध आले. त्यातल्या तीसजणांनी ‘आम्ही खूप मजा केली’ या वाक्यावर काम भागवलं होतं. पिंकीचा वाचायला घेतला आणि मी सरसावून बसले.

‘फाटकातून आत गेलं की डाव्या हाताला सत्तावीस पावलांवर पिण्याचा नळ आहे,’ तिनं लिहिलं होतं. ‘त्याचं पाणी गार असतं कारण टाकी चिंचेच्या सावलीत आहे. आठ झोपाळे आहेत. तिसऱ्याची साखळी करकरते, म्हणून पप्पांनी मला पाचव्यावर बसवलं. मी एक तास झोका घेतला. उतर असं कुणीच म्हणालं नाही, कारण बागेत आम्ही तिघंच होतो. माळीकाकांनी मला निशिगंधाची एक काडी दिली.’

पुढे संग्रहालय होतं. ‘तिथे दोन मोठ्या थाळ्या लांब लांब, समोरासमोर उभ्या केल्या आहेत. एकीपाशी हळू बोललं की दुसरीपाशी ऐकू येतं. पप्पा तिकडे उभे राहिले, मी इकडे. पप्पा म्हणाले, पिंकी, ऐकू येतंय का? मी म्हणाले, येतंय.’

बावीस वर्षांत असा निबंध माझ्या हातात आला नव्हता. नळ किती पावलांवर आहे हे कुठलं मूल लिहितं? मी तो स्पर्धेसाठी बाजूला काढला आणि सवयीने दुसऱ्यांदा वाचला. तेव्हा ते वाक्य खटकलं. बागेत आम्ही तिघंच होतो.

शाळेच्या सहलीतलीच ती बाग, माझ्या पायाखालची. रविवारी तिथे झोपाळ्यासाठी रांग असते, रखवालदार शिट्ट्या फुंकून मुलांना उतरवतो, आणि आयुषला पाच झोके मिळावेत म्हणून मी एकदा एका बाईशी कडाकडा भांडलेही आहे. तिथे रविवारी तिघंच? म्हणजे ही पोर गेलेलीच नाही. मला वाईट वाटलं नाही. सापडलं, असं वाटलं.

दुसऱ्या दिवशी मी तिला वर्गात उभं केलं. एकटीला बोलावून विचारता आलं असतं. पण मला बाकीच्यांनाही धडा द्यायचा होता.

“कुठल्या रविवारी गेला होता?”

“दिवाळीच्या आधी,” पिंकी म्हणाली.

“आणि त्या बागेत तुम्ही तिघंच होता?”

मागून एक मुलगा म्हणाला, “बाई, तिथं तर पाय ठेवायला जागा नसते.” वर्ग हसला. पिंकी बाकाच्या कडेवर नख घासत उभी होती.

“खरं सांग. गेला होता का?”

“नाही, बाई.”

“मग हे काय आहे?”

“खोटं आहे, बाई.”

मी तिच्यासमोर निबंधावर लाल शाईने आडवी रेघ मारली आणि खाली लिहिलं: ‘असत्य लेखन. पालकांनी भेटावे.’ स्पर्धेला खूप मजा केलेल्यांपैकी एक निबंध पाठवला. त्याला काही मिळालं नाही.

ज्योतीराम सुरवसे गुरुवारी आले. इस्त्रीचा शर्ट, हडकुळा बांधा, खांद्याला कापडी पिशवी. वय चाळिशीच्या आतलं, पण कानाशी केस पांढरे झालेले. बसा म्हटलं तरी ते उभेच राहिले. मी पिंकीलाही बोलावून घेतलं होतं.

“आज आलो, मॅडम. आमाला गुरुवारीच जमतं,” ते म्हणाले.

“तुमच्या मुलीनं न झालेल्या सहलीचा निबंध लिहिलाय,” मी म्हणाले.

त्यांनी निबंध हातात घेऊन उभ्या उभ्या सगळा वाचला. थाळ्यांच्या मजकुरापाशी त्यांचं बोट जरा थांबलं. मग लाल रेघेकडे आणि मुलीच्या वाकलेल्या मानेकडे पाहून ते म्हणाले, “झाली की सहल. गेलतो आमी.”

“कधी?”

“गुरुवारी.”

याला म्हणतात हात दाखवून अवलक्षण. मी हजेरीपट उघडला आणि पिंकीच्या नावासमोर बोट ठेवून एकेका गुरुवारवरून पुढे नेत गेले. “जूनपासून ही एकही गुरुवार गैरहजर नाही. तुम्ही बागेत होता तर इथे बाकावर कोण बसलं होतं?”

त्या क्षणी मला मजा वाटली. हे लिहायला लाज वाटते, पण वाटली. बाप आणि लेक, दोघं एकाच हजेरीपटात सापडली होती.

ते माझ्या बोटाकडे बघत राहिले. पिंकीने त्यांच्या शर्टाची बाही ओढली. “पप्पा, राहू द्या ना,” ती म्हणाली.

मग त्यांनी पिशवीतून एक जाड वही काढून माझ्या टेबलावर ठेवली. “मी गेलतो, मॅडम. एकटाच. पोरीनं ह्या वहीतनं लिहिलं. वही खोटी न्हाई.”

“वही खरी असेल. निबंध खोटा आहे. आणि खोटं ते खोटंच.”

“व्हय,” ते म्हणाले. “त्ये बरोबर हाय तुमचं.” दाराशी जाऊन ते परत वळले. “वाचा एकदा. पोरीला काय बोलायचं ते बोला. वहीला बोलू नका.”

मी ती वही घरी नेली ती उरलेलं खोटं शोधायला.

ज्योतीराम चाकणला गाड्यांचे सुटे भाग करणाऱ्या एका कंपनीत तपासणीचं काम करतात. तयार झालेला दांडा हातात घ्यायचा, मापं घ्यायची, तक्त्यात ‘ओके’ किंवा ‘नॉट ओके’ लिहायचं. अकरा वर्षं तेच टेबल. मात्र छातीवरचं कार्ड दर सहा-सात महिन्यांनी बदलतं, कारण ठेकेदाराचं नाव बदलतं आणि प्रत्येक वेळी मधे चार-आठ दिवसांचा ‘ब्रेक’ देतात. ब्रेक म्हणजे घरी बसायचं आणि फोनची वाट बघायची. फोन आला की माणूस पुन्हा नवा, कालच लागल्यासारखा. हे सगळं मला नंतर कळलं. वहीत यातलं काही नव्हतं. तिच्या पहिल्या पानावर फक्त एवढंच होतं: ‘रविवारची सहल. पिंकी, कस्तुरा व मी.’

त्यापुढे कंपनीतल्यासारखे तक्ते आखलेले होते. डावीकडे वस्तू, मधे निरीक्षण, उजवीकडे ओके, नॉट ओके. आमच्या भागातल्या सगळ्या बागा त्यात होत्या आणि पुण्यापर्यंतची संग्रहालयंही. छोट्या रेल्वेगाड्यांचं, बाहुल्यांचं, जुन्या भांड्यांचं. घसरगुंडी: पत्रा दुपारी तापतो, अकराच्या आत. बाकडी: सावलीतली दोनच, लवकर जाणे. बायकांचं स्वच्छतागृह: कुलूप, चावी माळ्याकडे, माळ्याशी ओळख केली. बाहेरचा डबा: चालतो, पण गवतावर नाही. बाहुल्या: पिंकीला आवडतील, पण काचेवर हात लावला की ओरडतात, आधी समजावून सांगणे. प्रत्येक पानाच्या डोक्यावर तारीख, आणि प्रत्येक तारखेपुढे ‘गुरुवार’. चार वर्षांचे गुरुवार.

विज्ञान संग्रहालयाच्या पानावर सत्तावीस गोष्टी तपासल्या होत्या. वेडेवाकडे आरसे ओके. लंबक ओके. सव्विसाव्या ओळीत लिहिलं होतं: ‘बोलणाऱ्या थाळ्या. दोन माणसं लागतात. एकट्याला तपासता येत नाही.’ समोर ओके नव्हतं आणि नॉट ओकेही नव्हतं. तिथे लिहिलं होतं, ‘बाकी.’

पिंकीने निबंधात ती ओळ तपासून टाकली होती.

मी वही मिटली. आयुष शेजारी मोबाइलवर खेळत होता, त्याला उगाचच ओरडले. मग दादा आठवले. आम्ही वडिलांना दादा म्हणायचो. ते पिंपरीच्या एका कंपनीत लेथवर होते, आणि त्यांची सुट्टी गुरुवारी असायची. या पट्ट्यात कारखान्यांची वीज गुरुवारी बंद ठेवायची, म्हणून सुट्टी गुरुवारी. विजेचा तो हिशोब कधीचा मागे पडला असेल, पण सुट्टी तिथेच राहिली. आमच्या विहारातली मुलांची शिबिरं रविवारी असत, त्यामुळे दादा एकाही शिबिराला नसायचे. गुरुवारी मात्र मधल्या सुट्टीत ते शाळेच्या फाटकाशी येऊन उभे राहायचे. हातात भाजलेल्या शेंगांची पुडी. मला त्यांची लाज वाटायची. कुणाचेच वडील असे भरदुपारी मोकळे नसायचे. मी एकदा म्हणाले, “दादा, तुम्ही येत नका जाऊ.” ते यायचे थांबले. मी गुरुवारच्या घरात वाढले, आणि एका गुरुवारच्या पोरीला रविवारचा निबंध लिहायला लावून वर तिला वर्गात उभं केलं.

वही परत द्यायला आणि माफी मागायला मी दत्तवाडीत त्यांच्या खोलीवर गेले. आणि गेले कधी, तर रविवारी. म्हणजे एवढं सगळं होऊनही अक्कल आली नव्हती. ज्योतीराम अर्थातच कंपनीत होते. त्यांची बायको कस्तुरा प्राधिकरणात चार घरी पोळ्या करते, ती नुकतीच येऊन हात धूत होती. पिंकी कोपऱ्यात भूगोलाचा नकाशा रंगवत बसली होती. मला पाहून ती उभी राहिली, वर्गात राहते तशी.

भिंतीवर माझ्या सहीची तीन प्रमाणपत्रं होती, प्लास्टिकच्या आवरणात, एका रेषेत. देवाच्या फोटोपेक्षा वर.

मी माफीसारखं काहीतरी बोलले. नीट जमलं नाही. बावीस वर्षं मुलांकडून माफी मागून घ्यायची सवय. कस्तुराने चहा ठेवला आणि म्हणाली, “तुमचं काय चुकलं, बाई. पोरगी खोटं बोलली, तुमी तिला बोलला.”

“पण रविवारी एखादी सुट्टी नाही का मिळत त्यांना?”

“दोनदा मिळालती. सप्टेंबरात तर समदं तयार हुतं. रातीच दशम्या करून ठिवल्या. पिंकीनं फराक घातला. सात वाजता फोन आला, बदलीवाला आला न्हाई, गाडी पाठवतोय. न्हाई म्हणलं तर पुढच्या ब्रेकनंतर फोन येत न्हाई. गेले. ही फराक घालूनच बसली संध्याकाळपत्तोर.”

“आणि सुट्ट्यांमधे? मे महिन्यात, दिवाळीत?”

“मे म्हयन्यात आमी मायलेकी गावाकडं, कळंबला. सासूबाई जागेवर हायत, अंथरुणातनं उठत न्हाईत. दिवाळीत ह्येस्नी चार दिस मिळत्यात, तवाबी गावच.”

मग मला मोठेपणा सुचला. “पुढच्या रविवारी आम्ही जाणारच आहोत. पिंकीला आमच्याबरोबर नेते. गाडीत जागा आहे.”

कस्तुराने चहा गाळता गाळता हात थांबवला. “नका नेऊ, बाई,” ती म्हणाली. “ह्येंनी चार वरसं बघून ठिवलंय. तुमी एका दिसात दाखवून आणलं तर ह्येंच्याकडं काय ऱ्हाईल?”

ती हे रागाने म्हणाली नाही. म्हणूनच ते जास्त लागलं.

“मग एखाद्या गुरुवारी शाळा का नाही बुडवत?” मी विचारलं आणि विचारतानाच माझी नजर भिंतीकडे गेली. कस्तुराही तिकडेच बघत होती.

“ह्ये बुडवू देत न्हाईत. म्हणत्यात, माझं नाव सा म्हयन्याला पुसत्यात, लेकराचं तरी एका जागी सलग ऱ्हाऊ द्या.”

माझ्या प्रमाणपत्राने त्या घरात काय करून ठेवलंय ते तेव्हा माझ्या ध्यानात आलं. शाळा एक दिवस बुडवल्याने जगात कुणाचं काही बिघडत नाही. ते आईबापांना सांगायचं सोडून मी हजेरीची पूजा मांडली होती. आणि त्यावर मी उपाय काय काढला? मी म्हणाले, “येत्या गुरुवारी पिंकीला घेऊन जा. हजेरी मी लावीन. कुणाला कळायचं नाही. प्रमाणपत्रही मिळेल.”

कस्तुरा बघतच राहिली. पिंकी नकाशातला समुद्र निळ्या खडूने भरत होती. तिचा हात थांबला आणि पुन्हा चालू झाला. मला वाटलं, लाजली.

संध्याकाळी ज्योतीरामांचा फोन आला. मागे कंपनीच्या बसचा घरघराट होता. “मॅडम, कस्तुरा सांगती ते खरं हाय का?” ते म्हणाले. “तुमी सोता हजेरी लावणार?” खरं आहे म्हटल्यावर ते एकदम मोकळं बोलायला लागले. बस नऊ वाजता पकडायची, आधी थाळ्या, मग बाग, अकराच्या आत घसरगुंडी, दुपारचा डबा चिंचेखाली. माळ्याला सांगून ठेवतो म्हणाले. निशिगंध अजून आहे का बघायला हवं म्हणाले. मी हो हो करत होते. इतक्या दिवसांत पहिल्यांदा मला जरा बरं वाटत होतं.

गुरुवार उजाडला. प्रार्थना झाली, मी हजेरी घेतली. पिंकी सुरवसे या नावापाशी वर्गातून कुणी ‘हजर’ म्हणालं नाही. दोघातिघांनी तिच्या रिकाम्या जागेकडे पाहिलं. मी नाव पुन्हा न घेता पुढे गेले आणि तिच्या चौकोनात हजेरीची खूण केली. खोटं लिहिणं किती सोपं असतं ते मला सेहेचाळिसाव्या वर्षी कळलं.

वीस मिनिटांनी दारात पिंकी उभी होती. गणवेश, दप्तर, दोन घट्ट वेण्या.

“बाई, आत येऊ?”

मी तिला व्हरांड्यात घेऊन गेले. “तू इथे कशी? पप्पा कुठेत?”

“फाटकाशी. आम्ही स्टॉपवर गेलो होतो. बस आली होती. मी चढले नाही, घरी जाऊन गणवेश घालून आले. आई कामावर गेली. बाई, तुम्ही माझी हजेरी लावली?”

“लावली. तू जा. मी सांगितलंय ना.”

“मी नव्हते तेव्हा लावली?”

मी वर्गाचं दार लोटून घेतलं, आत ऐकू जाऊ नये म्हणून.

“मग मी बसते येऊन,” ती म्हणाली. “म्हणजे ती खोटी होणार नाही.”

तिच्या बोलण्यात टोमणा नव्हता. तो असता तर मी तिला रागावले तरी असते. मी नोव्हेंबरात जे शिकवलं होतं ते ती नीट शिकली होती, आणि आता माझ्या वाटचं खोटं निस्तरायला परत आली होती. ती वर्गात गेली, जागेवर बसली आणि दप्तरातून भूगोलाचं पुस्तक काढलं. मी तिला उचलून फाटकाबाहेर नेऊन ठेवायला हवं होतं. हजेरीपट फाडायला हवा होता. मी यातलं काही केलं नाही. वर्गात अडतीस मुलं होती, तास चालू होता, आणि मी फळ्यावर नद्यांची नावं लिहायला घेतली.

खिडकीतून फाटक दिसतं. ज्योतीराम तिथे उभे होते. पुन्हा तोच इस्त्रीचा शर्ट, गळ्यात पाण्याची बाटली, हातात मोठी पिशवी. आमच्या शिपाई छबूबाई त्यांच्याशी काहीतरी बोलल्या. त्यांनी पिशवी छबूबाईंच्या हातात दिली आणि वही तेवढी काढून स्वतःकडे ठेवली. थोडा वेळ ते शाळेच्या इमारतीकडे बघत राहिले. कुठल्या खिडकीत आपली मुलगी आहे ते त्यांना ठाऊक नव्हतं, त्यामुळे ते सगळ्याच खिडक्यांकडे बघत होते. मग ते निघाले. घराच्या दिशेने नाही, बसस्टॉपच्या.

मधल्या सुट्टीत छबूबाईंनी पिशवी आणून दिली. आत स्टीलचे तीन डबे होते, तिघांपुरते. दुधात पीठ भिजवून केलेल्या दशम्या, शेंगदाण्याची चटणी, कापलेली काकडी, आणि कागदाच्या पुडीत मीठ वेगळं. खाली अंथरायला जुनी चादर, व्यवस्थित घडी घातलेली. पिंकीने चादर पिशवीतच ठेवली आणि डबे बाकावर मांडले. पोरं गोळा झाली. एकाने विचारलं, “आज कुणाचा वाढदिवस?” ती म्हणाली, “कुणाचा नाही. जास्तीचं आहे.”

नंतर ती माझ्या टेबलापाशी आली. डब्याच्या झाकणात एक दशमी, तिच्यावर चटणी.

“पप्पा रागावले का गं?” मी विचारलं.

“नाही. म्हणाले, थाळ्या कुठं जात नाहीत.” तिने झाकण माझ्यापुढे सरकवलं. “घ्या ना, बाई. बागेत खायला केलं होतं.”

मी ती दशमी घेतली आणि तिच्यासमोर सगळी खाल्ली.